सार्जंटनं न मोजलेली चूक

कळसला तंबूत विमानांचा सिनेमा लागला की माणसं दोन गोष्टी बघायला जायची. एक सिनेमा, आणि दुसरा जोतीराम सार्जंट. सार्जंटचं तिकीट वेगळं काढावं लागत नसे, त्यामुळं सिनेमा पडला तरी तो कधी पडायचा नाही.

तंबू आबासाहेबांचा. दिवाळी सरली, कारखान्यांची धुराडी पेटली की त्यांचा ट्रक बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गावांतून फिरू लागायचा, आणि कळसला आठ-दहा दिवसांचा मुक्काम ठरलेला. यंत्र एकच, त्यामुळं दर पाव तासानं रीळ बदलायला दिवे लावावे लागत. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला. यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्यापलीकडं बायका. बायकांना सगळा सिनेमा उलटा दिसायचा. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं सलाम ठोकायचा, दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागायच्या. पण बऱ्याच जणींनी सुलटा सिनेमा कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळं त्यांची काही तक्रार नव्हती.

दिवे लागले की पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी हटकून विचारायचं, "सार्जंट, किती झाल्या?" मग जोतीराम उठायचा, टोपी सारखी करायचा आणि हजेरी घ्यावी तशा चुका सांगायचा. धावपट्टीवरून सुटलं तेव्हा विमानाला दोन शेपट्या होत्या, ढगात शिरल्यावर एकच राहिली. पंखा नसलेल्या विमानाला पंख्याच्या विमानाचा आवाज लावलाय. एवढ्या उंचीवर वैमानिक तोंडावरचा मुखवटा काढून भाषण करतोय. खरं तर दुसऱ्या वाक्याला त्याची शुद्ध जायला पाहिजे. बाँब सुटला तो सरळ खाली पडला. बाँब विमानाच्या वेगानं पुढं जातो, सरळ खाली पडायला ती काय चिंचेवरची चिंच आहे. अशा एकेका सिनेमात दहा-बारा तरी निघायच्याच. एकदा एकानं खवचटपणे विचारलं होतं, की नटी विमानात बसून गाणं म्हणते ती चूक धरली की नाही. सार्जंटनं गंभीरपणे सांगितलं, त्या जातीच्या विमानात दुसऱ्या माणसाला जागाच नसते, म्हणून ती धरली आहे. तंबू हसून हसून आडवा झाला होता.

तो स्वतः कधी हसला नाही. गावाला वाटायचं, हा त्याच्या सांगण्याचा झोक आहे. झोक वगैरे काही नव्हता. त्या माणसाला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं, आणि हे गावातल्या हुशार हुशार माणसांच्याही लक्षात आलं नव्हतं. एरवी याच गावाला कुणाच्या म्हशीनं दूध कमी केलं ते दुसऱ्या दिवशी समजायचं.

जोतीराम मेंढक्याचा पोरगा. बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. पोरगं मात्र इंदापूरला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालं आणि अठ्ठावन्न साली विमानदळात लागलं. गावात बातमी फुटली की आपला जोत्या विमान चालवतो. त्याच्या वाट्याला आल्या होत्या छत्र्या. वैमानिक पाठीला बांधतात त्या पॅराशूटची घडी घालायची. चाळीस फूट लांबीचं टेबल, त्यावर कापड पसरायचं, एकेक दोरी सरळ करायची, एकेक पाकळी दुमडायची, घडी हलू नये म्हणून वर शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या ठेवायच्या, आणि उठताना टेबलावरची सगळी हत्यारं मोजायची. शेवटी छत्रीच्या खिशातल्या कार्डावर घडी घालणाऱ्याची सही. पुढं कुणाचा जीव त्या सहीवर लोंबकळायचा.

पहिल्याच दिवशी तिथल्या जुन्या उस्तादानं त्याला एक सांगितलं होतं. टेबलाशी उभा राहिलास की घरचा विचार करायचा नाही. बायको, पोरगं, आई आजारी, काही नाही. मन हललं की घडी हलते. जोतीराम आज्ञाधारक. त्यानं चोवीस वर्षं टेबलाशी उभं राहून कशाचाही विचार न करण्याची सवय लावून घेतली आणि त्याच्या एकाही छत्रीबद्दल कधी तक्रार आली नाही. ती सवय टेबलाशी सोडून घरी कसं यायचं, हे मात्र उस्तादानं सांगितलं नव्हतं. ब्याऐंशी साली तो सार्जंट म्हणून निवृत्त झाला तेव्हा एक लोखंडी पेटी, एक हातोडी आणि ती सवय घेऊन कळसला आला.

गावात येऊन त्यानं रस्त्याकडेला शिवणयंत्र टाकलं. ताडपत्र्या, ट्रॅक्टरचे हूड, लग्नाचे मांडव, उसाच्या गाड्यांवरची झापडं. कॅनव्हास आणि दोरा आणायला बारामतीला जायचा आणि दोरा दातानं तोडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. आबासाहेबांचा तंबू फाटला की त्याच्याकडंच यायचा. एका वर्षी वाऱ्यात पडदा उभा फाटला, तोही त्यानंच शिवला. त्या पडद्यावर मधोमध वरपासून खालपर्यंत त्याची शिवण होती आणि ती दोन्ही बाजूंनी दिसायची. या कामांच्या बदल्यात आबासाहेब त्याला आणि त्याची बायको आक्काबाई हिला सिनेमाला बोलवायचे. तो यंत्राच्या बाजूला बसायचा, ती पडद्यापलीकडं.

त्यांना मुलगा एकच, सोपान. बापाच्या वाटेनं तोही विमानदळात गेला आणि इंजिनं दुरुस्त करायला शिकला. सत्त्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो सामान नेणाऱ्या एका मोठ्या विमानात बसून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर निघाला होता. पूर्वेकडच्या डोंगरांवर ढग दाटून आले होते. विमान ढगात शिरलं आणि पलीकडं निघालं नाही. पुष्कळ शोधलं, पण एक पत्राही सापडला नाही.

तार आली तेव्हा जोतीराम एका उसाच्या गाडीचं झापड शिवत होता. त्यानं तार वाचली, खिशात घातली, राहिलेली टीप पुरी केली, दोरा तोडला, झापडाची घडी घातली आणि मग घरी गेला. गाडीवाला पुढं कितीतरी दिवस सांगत होता की सार्जंटचं काळीज दगडाचं आहे. काळीज काही दगडाचं नव्हतं. तो टेबलाशी उभा होता, एवढंच.

आक्काबाईनं तार ऐकली. ती बरीच वर्षं त्याच्याबरोबर ठाण्यावरच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. ओल्या छत्र्या वाळत घालायचा तो उंच मनोरा तिनं रोज दारातून बघितला होता. विमान आणि छत्री या दोन गोष्टी तिच्या डोक्यात अलग नव्हत्याच. तिनं एवढंच विचारलं, "त्याच्या पाठीला छत्री हुती न्हवं?"

आता इथं जोतीरामला खरं काय ते माहीत होतं. छत्र्या कुठल्या विमानाला किती द्यायच्या हे चोवीस वर्षं त्याच्याच हातातून गेलं होतं. सामानाच्या विमानात मागं बसून जाणाऱ्या माणसाला छत्री देत नाहीत. तो बाकावर बसतो, कमरेला पट्टा आवळतो आणि जिथं विमान जाईल तिथं जातो. सोपानला छत्री नव्हती. चार शब्दांचं काम होतं. जोतीराम म्हणाला, "बघू."

या एका 'बघू'वर त्या बाईनं वर्षं काढली. सरकारी कागद आला, की आता तो मृत समजावा. तिनं तो पेटीत तळाशी टाकला. चंपाषष्ठीला तळी भरताना घरातल्या प्रत्येक पुरुषामागं एक नारळ, ही त्यांच्या घरची रीत. ती दर वर्षी दोन नारळ आणायला लावायची आणि जोतीराम दर वर्षी दोन नारळ आणायचा. पितरांच्या पानात सोपानला जागा नव्हती आणि जेवायच्या पंक्तीतही नव्हती.

नव्वद साली ते दोघं दोऱ्याच्या खरेदीला बारामतीला गेले असताना तिनं तिथल्या टॉकीजवर विमानाचं चित्र बघितलं आणि आत जायचा हट्ट धरला. सिनेमातल्या वैमानिकाचं विमान पेटतं, घरी फोटोला हार चढतो, म्हातारी आई डोळ्यांनी आंधळी होते, आणि शेवटच्या रिळात तो दाढी वाढवून दारात उभा. आक्काबाईनं जोतीरामचा दंड धरला. असं होतं का, म्हणून तिनं विचारलं. जोतीरामला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. मग तो म्हणाला, की उडी मारताना त्याच्या मांड्यांचे पट्टे ढिले होते, तशी उडी मारली तर माणूस उभ्या जन्मात परत उभा राहत नाही. आणि छत्री झाडाच्या उंचीवर उघडली, तीही चूक. आणि खाली आल्यावर छत्री गेली कुठं, तिची घडी कुणी घातली, तेही दाखवलं नाही.

असा तो चुका मोजायला लागला. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या नोकरीची ऐट आहे. खरं म्हणजे ते नवरा-बायकोचं बोलणं होतं. आसपास विमानाचा सिनेमा लागला की ती जायचं काढायची, तो मागोमाग जायचा, आणि घरात जे बोलता येत नव्हतं ते तंबूत भर दिव्यात सत्तर-ऐंशी माणसांसमोर मोठ्यानं बोलायचा. पडदा कापडाचा. पलीकडं सगळं ऐकू जायचं.

ती तिच्या बाजूनं कधी कधी भांडायची, पण घरी आल्यावर. एकदा म्हणाली, तो वैमानिक डाव्या हातानं दांडी धरतो ती चूक तुम्ही सोडली. त्यानं सांगितलं, तो उजव्याच हातानं धरतो, तुला पलीकडून डावा दिसतो. ती म्हणाली, आम्हाला जे दिसतं तेच आम्ही धरणार. शेजारची गोजरबाई, जी तंबूत नेहमी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची, तिनं हे गावभर केलं. पुढं कितीतरी दिवस कुणी भांडायला लागलं की, तुमचा डावा का आमचा डावा, असं म्हणायची पद्धत पडली होती.

पण एक चूक जोतीराम मोजत नव्हता. लढाईच्या सिनेमात मोठं विमान पेटलं की आत बसलेली सगळी माणसं बाकाखालून छत्र्या काढायची, पाठीला अडकवायची आणि दारातून एकेक करून उडी मारायची. हे दृश्य सिनेमावाल्यांना फार आवडतं. तेवढं आलं की जोतीराम मूग गिळून बसायचा. पुढं दिवे लागल्यावर तो आधीच्या चुका सांगायचा, नंतरच्या सांगायचा, आणि मधली ही जागा न बोलता ओलांडून जायचा. कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. त्या जागी तो काय विचार करत होता म्हणाल, तर काहीच नाही.

असं करता करता नव्व्याण्णव साल आलं. तंबूत गर्दी कमी झाली होती. गावात केबलच्या तारा आल्या होत्या, आणि आबासाहेब म्हणत होते की हा हंगाम काढतो आणि ट्रक विकतो. मार्गशीर्ष लागला. चंपाषष्ठी झाली की दहा दिवसांनी सोपानला जाऊन बारा वर्षं पुरी होत होती.

जोतीरामचा धाकटा भाऊ बिरू शेजारीच राहायचा. सरळ माणूस, ऊस आणि म्हशी यापलीकडं कशात नसायचा. पण बारा वर्षांचा हिशेब त्यालाही ठाऊक होता. ज्याचा पत्ता नाही त्याची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तेव्हा कुठं जाणारा माणूस जातो. तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, बारा वर्सं झाली. आता त्याला सोडा. वहिनी न्हाय म्हनंल, तर तुमी सांगा."

जोतीरामनं मान हलवली. आक्काबाई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बिरू गेल्यावर ती बाहेर आली नाही आणि त्यानंही विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात तंबू आला. पडद्याच्या काठाला दोन टाके घालायला जोतीराम गेला तेव्हा आबासाहेबांनी सांगितलं की उद्या विमानांचा सिनेमा आहे, बघायला या, पुन्हा कळसला तंबू येईल की नाही सांगता येत नाही. मग हौसेनं त्यांनी कथाही सांगून टाकली. मध्यंतराच्या अलीकडं एक मोठं विमान पेटतं आणि वीस-पंचवीस माणसं छत्र्या घेऊन उड्या मारतात, तो देखावा बघण्यासारखा आहे, असं ते म्हणाले. जोतीरामनं टाका घातला आणि दोरा तोडला.

त्या संध्याकाळी, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्यानं काहीतरी ठरवलं. घरात, चुलीपाशी, तिच्या तोंडाकडं बघून सांगणं त्याला जमणार नव्हतं, हे तो ओळखून होता. पण तंबूत मध्ये पडदा असतो. त्या दृश्याला तो उठून उभा राहणार होता आणि बाकीच्या चुका सांगतो तशी ही एक सांगणार होता. मागं बसणाऱ्यांना छत्र्या नसतात. एवढंच. पुढचं तिचं तिनं समजून घ्यायचं, मग पळसाची पानं आणायची की नाही ते तिनं सांगायचं. वाक्य त्यानं मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. म्हणताना काही वाटलं नाही, त्यावरून त्याला खात्री झाली की ते जमेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाला ते गेले. थंडी होती. आक्काबाई डोक्यावरून घोंगडी घेऊन गोजरबाईबरोबर पलीकडं गेली, जोतीराम आपल्या नेहमीच्या जागी खांबाशी बसला. पुरुषांच्या बाजूला तीस-चाळीस माणसं असतील. पहिल्या रिळात सहा चुका निघाल्या, दुसऱ्यात पाच. दिवे लागल्यावर त्या त्यानं सांगितल्या आणि लोक खूश झाले. शत्रूच्या वैमानिकाला आपला वैमानिक विमानातून हात करतो, हे ऐकून एकजण म्हणाला, गावातला पाव्हणा असंल. त्यावरही हशा झाला. तिसऱ्या रिळात आणखी सहा. एकूण सतरा झाल्या.

चौथ्या रिळात ते विमान आलं. चांगलं मोठं होतं, सोपानचं होतं तसलंच. आत दोन्ही बाजूंना बाक आणि बाकांवर समोरासमोर बसलेली माणसं. एकाच्या मांडीवर हत्यारांची पेटी होती. जोतीरामनं खांबावर हात ठेवला आणि उठायची तयारी केली. इंजिनानं पेट घेतला, माणसांनी बाकाखाली हात घातले आणि छत्र्या निघाल्या, वाण्याच्या दुकानातून पिशव्या निघाव्यात तशा. दार उघडलं. एक गेला, दुसरा गेला. आभाळभर पांढऱ्या छत्र्या उमलल्या आणि पडद्यावरच्या त्याच्या शिवणीवरून हळूहळू खाली येऊ लागल्या.

जोतीराम उठला नाही. वाक्य डोक्यात होतं, शब्द न् शब्द जागेवर होता, फक्त ते बाहेर काढायला माणूस नव्हता. रीळ संपलं. दिवे लागले. पुढून नेहमीचा प्रश्न आला, की सार्जंट, आता किती. जोतीराम म्हणाला, "सतराच." लोकांना नवल वाटलं. एवढ्या मोठ्या देखाव्यात एकही नाही, असं कुणीतरी विचारलं.

तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला. त्या तंबूत इतक्या वर्षांत बायकांच्या बाजूनं कधी कुणी पुरुषांशी बोललेलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडं गेला.

"मागं बसत्यात त्यास्नी छत्र्या नसत्यात."

एकदोघांनी आवाज ओळखला आणि माना खाली घातल्या. आबासाहेब यंत्रापाशी हातात रीळ घेऊन उभेच राहिले. मग त्यांनी घाईघाईनं दिवे घालवले आणि सिनेमा पुढं चालू केला. त्यात पुढं काय झालं, कोण जिंकलं, हे जोतीरामला सांगता आलं नसतं. गोजरबाईनं मागाहून सांगितलं, की आक्काबाई एवढं बोलली आणि पदराच्या गाठीतली सुपारी काढून खायला लागली, डोळ्याला पाणी नाही की काही नाही.

घरी येताना दोघं एका रस्त्यानं आले. तो पुढं, ती मागं, नेहमीसारखी. जेवणं झाली. जोतीरामला वाटलं, आता रडू येईल. त्यानं बराच वेळ वाट बघितली, पण ते आलं नाही आणि त्याला झोप लागली.

सकाळी तिनं चहा ठेवला. तो चुलीपाशी पाटावर येऊन बसला. चहा गाळता गाळता, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "तुमी समद्या चुका मोजल्या. त्येवढी एकच कधी मोजली न्हाय. मोठ्या विमानातनं मान्सं उड्या माराया लागली की तुमचा आवाज बंद व्हायचा. चार-पाच पिच्चर मी कान देऊन ऐकलं. मग मला कळलं."

त्यानं विचारलं, कधी.

"झाली की आठ वर्सं."

आठ वर्षं दोन नारळ. आठ वर्षं एसटीनं भिगवणला, इंदापूरला, बारामतीला, जिथं विमान असेल तिथं. मग तू कशाला येत होतीस, असं त्यानं विचारलं.

आक्काबाईनं कपबशी त्याच्यापुढं ठेवली. "पयलं वरीस-दीड वरीस पोरगं दिसतंय का बघाया यायची," ती म्हणाली. "मग तुमी कधी सांगताय ते बघाया. म्हनलं, चोवीस वर्सं दुसऱ्याच्या पोरांस्नी छत्र्या बांधून दिल्या, ह्यांच्या तोंडून त्ये सहज न्हाय निघायचं. निघंस्तोवर थांबू. पर आता बारा वर्सं झाली, आन् तंबूबी जातोय म्हनत्यात."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. मग जोतीरामनं ते चार शब्द उच्चारले. त्यांना फार वेळ लागला, पण शेवटी पुरे झाले.

"सोपानला छत्री न्हवती, आक्का."

"व्हय," ती म्हणाली.

त्यानं कपबशी उचलली. चोवीस वर्षं एकही घडी हलू न दिलेल्या हातातून चहा बशीत सांडत होता. तिनं बशी त्याच्या हातातून घेतली, सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला आणि कप त्याच्या दोन्ही हातांत धरून दिला. यंदा नारळ एकच आणा, असं तिनं सांगितलं, आणि षष्ठी झाली की बिरूला पळसाची पानं आणायला पाठवा. तो हो म्हणाला.

चहा पिऊन झाल्यावर ती भांडी गोळा करायला लागली. उठता उठता तिनं विचारलं, "राती किती झाल्या म्हनला?"

"सतरा," तो म्हणाला.

"माझी धरून?"

जोतीरामनं टोपी सारखी केली.

"तुझी धरून अठरा," तो म्हणाला, आणि दुकान उघडायला गेला.